मानेच्या अगदी वरच्या सांध्याचा आर्थ्रायटिस : स्क्रू घालून मान जोडून घ्यावी का?

तिस्ककर

आईसाठी विचारतेय. वय ६७, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. राहायला फोंड्याजवळ. बाजार, देऊळ, बँक, माहेर सगळं स्वतःच्या स्कूटरवर. गेल्या गणेश चवथीच्या आसपास तिच्या उजव्या कानामागे, डोक्याच्या मागच्या खळगीत दुखायला लागलं. गणपतीवरची माटोळी (फळापानांची टांगती चौकट) बांधताना वर बघून बघून मान अवघडली, असं ती म्हणायची. ते दुखणं गेलंच नाही. आता उजवीकडे मान वळवली की कळ खळगीतून थेट टाळूपर्यंत चढते. डावीकडे त्यामानाने बरं. वरखाली बघताना विशेष काही नाही. हातापायांना मुंग्या नाहीत, तोल जात नाही. स्कूटरवर असताना मागून कोणी हॉर्न दिला तर ती गाडी कडेला घेऊन थांबते, कारण वळून बघताच येत नाही.

आधी मायग्रेन म्हणून गोळ्या झाल्या. मग दुसरीकडे 'मणक्यात गॅप आहे' म्हणून पट्टा आणि वजन लावून ट्रॅक्शन झालं, त्याने तर जास्तच दुखलं. शेवटी एका डॉक्टरांनी मानेच्या वरच्या भागाचा सीटी काढायला लावला. रिपोर्टात म्हटलंय की उजवीकडचा सी१-सी२ सांधा (मानेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधला) पार झिजलाय, हाडाला हाड लागलंय, कडेला हाड वाढलंय. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब नाही.

सर्जन म्हणाले की गोळ्यांनी भागत नसेल तर एकदा सांध्यात इंजेक्शन देऊन बघू, नाहीतर दोन मणके स्क्रूने जोडू. दुखणं जाईल, पण मान साधारण निम्मीच वळेल. आईचा एकच प्रश्न आहे, स्कूटर चालवता येईल का? दादा म्हणतो थेट मुंबई गाठूया. बाबा म्हणतात, मानेला सुरी लावू देणार नाही. मी मध्ये.

कोणी करून घेतलंय का? गुडघा बदलतात तसा हा सांधा बदलता येत नाही का? डॉक्टरांची नावं कृपया व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवा.

डिचोलीचो

वाचतोय. काकांची लक्षणं तंतोतंत हीच आहेत, फक्त सीटी कोणी काढलेला नाही.

एक्सरेवाला

काकांचा 'ओपन माउथ' फोटो तरी काढून घ्या, डिचोलीचो. मी या कामात आहे म्हणून सांगतो. मानदुखीला नेहमी काढतात ते समोरून आणि बाजूने असे दोन एक्सरे. समोरच्या फोटोत जबडा आणि दात नेमके वरच्या दोन मणक्यांवर येतात, आणि बाजूच्या फोटोत डावा-उजवा सांधा एकावर एक दिसतो. म्हणजे जिथे दुखतंय तेवढंच झाकलेलं. बघणाऱ्याला खालचे पाचवा-सहावा मणका झिजलेले दिसतात, ते साठीनंतर बहुतेकांचे झिजलेलेच असतात, आणि सगळा दोष त्यांच्यावर जातो.

ओपन माउथमध्ये पेशंटला आ वासायला लावून तोंडातून फोटो घेतात. सोपं वाटतं पण नाही. वरचे दात आणि कवटीचा खालचा काठ एका रेषेत यावे लागतात. हनुवटी जरा वर गेली की कवटी आड येते, जरा खाली आली की दात आड येतात. कवळी असेल तर आधी काढायला सांगतो. तारेची अर्धी कवळी बरेच जण विसरतात आणि ती तार बरोब्बर सांध्यावर उमटते. ज्याची मान आधीच दुखतेय त्याला असं धरून ठेवायचं म्हणजे त्याचे हाल आणि आमचेही. म्हणून शंका असेल तर सीटीच बरा.

आता रचना. पहिला मणका म्हणजे नुसतं कडं आहे. दुसऱ्या मणक्यातून एक खुंटा वर निघतो आणि जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसं हे कडं, त्यावर बसलेल्या डोक्यासकट, त्याच्याभोवती फिरतं. डावीकडे-उजवीकडे एकेक सपाट सांधा असतो, आईंचा त्यातला उजवा गेलाय. या दोन मणक्यांत गादी नसतेच. त्यामुळे 'गादी सरकली', 'गॅप पडला' ही निदानं या जागेला लागूच होत नाहीत.

सुशेगाद

एवढ्या लांब कशाला जाता? आमच्या गावात एक हाडवैद्य आहे, मान धरून एकच झटका देतो, कट्ट आवाज येतो आणि माणूस हसत बाहेर पडतो. न्हाव्याकडे मालिश करतानासुद्धा देतात तो झटका. माझी मान मी दर महिन्याला मोडून घेतो, आजवर काही झालं नाही.

भूलवाला

सुशेगाद, तुमची मान तुम्हाला लखलाभ, पण या धाग्यावर हा सल्ला देऊ नका. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात आणि पहिल्या मणक्याच्या कमानीवर आडवं वळण घेऊन कवटीत शिरतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येतो. तरुण माणसांनाही असं झालेलं आहे. झिजलेल्या सांध्याला किंवा संधिवाताने सैल झालेल्या मणक्याला झटका देणं तर विचारूच नका.

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, सर्जन नाही. पण अशा ऑपरेशनांत डोक्याच्या बाजूला मीच उभा असतो. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण समजा.

ऑपरेशनच्या आधी दुखणं खरोखर त्याच सांध्यातून येतंय का, हे ठरायला हवं. साठी-सत्तरीत सीटी काढला तर झिजलेले सांधे निघणारच, त्यातले कितीतरी मुळीच दुखत नसतात. तुमच्या वर्णनात एका बाजूचं दुखणं, खळगीत, वळवल्यावर वाढणारं आणि वरखाली करताना नसणारं, हे सगळं त्या सांध्याकडेच बोट दाखवतं. तरीही इंजेक्शनची पायरी गाळू नका, असं मी म्हणेन.

हे इंजेक्शन कंबरेत देतात तसं चाचपून देत नाहीत. क्ष-किरणांच्या पडद्यावर किंवा सीटीखाली सुई नेतात, कारण सांध्याच्या बाहेरच्या अंगाला ती धमनी, आतल्या अंगाला मज्जारज्जूचं आवरण आणि नेमकी मागून दुसऱ्या मणक्याची नस जाते. थोडा डाय टाकून सुई सांध्यातच आहे याची खात्री करतात, मग बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड. कोणतं स्टेरॉइड वापरणार ते जरूर विचारा. दाणेदार स्टेरॉइड चुकून धमनीत गेलं तर मेंदूला धोका, म्हणून या जागी बरेच जण न साकळणारं डेक्सामेथासोन पसंत करतात.

आणि एक गोष्ट पेशंटला सहसा कोणी सांगत नाही. बधिर करणारं औषध काही तासच टिकतं. त्या तासांत आईंना गप्प पडून राहू देऊ नका. नेहमी दुखतं तेवढीच मान उजवीकडे वळवून बघायला सांगा आणि लगेच लिहून ठेवा. तेवढ्या वेळात कळ गेली असेल तर दुखणं तिथलंच. स्टेरॉइडचा गुण नंतर यायचा तो येईल, काहींना महिनोन्महिने पुरतो आणि ऑपरेशनची वेळच येत नाही. त्या तासांत काहीच फरक पडला नाही तर मात्र स्क्रू घालून काय साधणार, हे सर्जनना स्पष्ट विचारा.

साखळीची_सून

उत्तम माहिती. बधिर करणाऱ्या औषधाचे ते तास, हे खरंच कोणी सांगितलं नव्हतं आम्हाला.

कदंबातला

मी करून घेतलंय. नाव सांगत नाही, पण कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. माझा डावा सांधा. आधी मलाही मायग्रेनच होतं म्हणे! चष्मा बदलला, दात काढले, शेवटी मानसिक आहे म्हणून झोपेच्या गोळ्या. आरशात बघायला मान वळवली की डोळ्यांपुढे काजवे. रिव्हर्स घ्यायचं म्हणजे कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारणार तेव्हा.

इंजेक्शन दोनदा घेतलं. पहिल्याने बरं वाटलं, दुसऱ्याचा गुण लवकर ओसरला. मग कंटाळून हो म्हटलं.

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस वाईट, खोटं कशाला सांगू. मानेचे स्नायू मागून सोडवतात, ते दुखतात. पालथं झोपवून डोकं चिमट्यात धरलेलं असतं, त्याच्या कपाळावर खुणा राहतात थोडे दिवस. कॉलर लावली. पण ती जुनी कळ, टाळूपर्यंत जाणारी, ती शुद्धीवर आलो तेव्हाच नव्हती. आजतागायत नाही.

काय गेलं ते पण सांगतो. डोक्याची मागची डावी बाजू बधिर आहे, न्हावी मशीन फिरवतो ते कळत नाही. सर्जननी आधीच बजावलं होतं की ती नस वाटेत येते, सोडवता नाही आली तर कापावी लागेल. मला त्याचं काही वाटत नाही, काहींना खटकतं म्हणे. कोणी मागून हाक मारली तर खांद्यासकट वळतो. नाटकाला बसलो की खुर्ची जरा तिरकी लावून घेतो. जेवण, आंघोळ, देवळात प्रदक्षिणा, सगळं व्यवस्थित.

बस परत चालवली नाही. त्यात मानेचा दोष नाही, रिटायरमेंटच आली. स्कूटर चालवतो. दोन्ही बाजूंना मोठे आरसे बसवून घेतलेत.

तिस्ककर

सगळ्यांचे मनापासून आभार. कदंबातले काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणते, "आरशाचं मला आधी कोणी का नाही सांगितलं?"

भूलवाला डॉक, निम्मी मान म्हणजे नक्की किती? आणि सांधा बदलायचं काय?

फिजिओ_पर्वरी

निम्म्याचं मी सांगते. निरोगी माणसाची मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते, त्यातले ४०च्या आसपास या एकट्या जोडीत होतात. बाकीचे खालचे मणके मिळून करतात. पुस्तकातलं 'निम्मं' आलं ते इथून.

पण तो हिशोब निरोगी मानेचा झाला! आईंची मान आज उजवीकडे किती वळते ते मोजलंय का कुणी? ज्यांचा हा सांधा हाडाला हाड लागण्याइतका गेलाय, त्यांचं वळणं दुखण्यामुळे आणि कडेच्या वाढलेल्या हाडामुळे आधीच गेलेलं असतं. माझ्याकडे अशा बाई आल्या होत्या, दुखऱ्या बाजूला जेमतेम ३० अंश. त्यांना ऑपरेशनने उजवीकडचं गमवायला फारसं उरलंच नव्हतं. चांगल्या बाजूचं मात्र जाईल, कारण कडंच जखडलं की ते दोन्हीकडे फिरायचं थांबतं. हे डावीकडचं जाणं पेशंटच्या लक्षात येत नाही, आणि नंतर तक्रार त्याचीच येते.

म्हणून ऑपरेशन ठरवायच्या आधी फिजिओकडून दोन्ही बाजूंचे अंश मोजून कागदावर घ्या. तो कागद घेऊन सर्जनकडे जा. 'निम्मी मान जाईल' या वाक्याला घाबरायचं की नाही, ते त्या आकड्यांवर ठरेल.

व्यायामाचं म्हणाल तर या सांध्याला जोर लावून वळवायचे व्यायाम नकोत. मान न हलवता हाताच्या तळव्यावर दाब देणारे, खांद्याच्या पात्याचे, छातीच्या मणक्यांचे करा. खालचे मणके जितके मोकळे, तितकं नंतर सोपं जातं.

साखळीची_सून

या धाग्यावर कोणी संधिवातवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं लिहिते, कारण आमचं प्रकरण नाव तेच आणि जात वेगळी असं होतं.

सासूबाईंना आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड, कित्येक वर्षांचा. बोटं वाकडी झाली तरी अबोलीच्या फाती माळायच्या. मान दुखते अशी कुरकुर फारशी नव्हतीच. एके दिवशी म्हणाल्या, सुतात फूल अडकवता येत नाही, हात ऐकत नाहीत. मग चालताना दाराच्या चौकटीला धरायला लागल्या. मान पुढे वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं व्हायचं. आम्हाला वाटलं वयोमान.

त्यांच्या डॉक्टरांनी मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन असे दोन एक्सरे काढले. खुंटा आणि कड्याची पुढची कमान यांच्यातलं अंतर मोठ्या माणसात ३ मिलिमीटरपर्यंत चालतं, त्यांचं वाकवल्यावर कितीतरी वाढत होतं. आमवाताची सूज खुंट्याला जागेवर धरणारा आडवा पट्टा खाऊन टाकते. मग कडं पुढे सरकतं आणि मज्जारज्जू मध्ये चेंगरतो. मागे उरलेली जागा १४ मिलिमीटरच्या खाली गेली की धोका, असं आम्हाला समजावलं होतं.

तिथे 'दुखतंय का, सहन होतंय का' हा प्रश्नच नव्हता. ऑपरेशन मज्जारज्जू वाचवायला होतं. हात बरेच सुधारले, पूर्ण नाही. गेलेलं सगळं परत येईलच असं नसतं, म्हणून थांबू नका असं तेव्हाच सांगितलं होतं. तर ताई, तुमच्या आईंना आमवात नाही ना, एवढी रक्ततपासणी झालीय का?

तिस्ककर

झालीय, आमवात नाही. वाकवून काढलेल्या एक्सरेतही सरकत नाही. काळजी घेऊन लिहिलंत, थँक्यू.

भूलवाला

साखळीची_सून यांनी लिहिलेला फरक सर्वांनी नीट वाचावा. साध्या झिजेत सवडीने ठरवता येतं, मणका सरकत असेल तर सवड नसते. शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काही असेल तर धागे वाचत बसू नका. आणि आमवाताच्या कुठल्याही पेशंटने, ऑपरेशन गुडघ्याचं का असेना, आपल्या भूलतज्ज्ञाला आमवात आहे हे आधी सांगावं. नळी घालताना आम्ही मान मागे नेतो. सैल मानेत ते करायचं नसतं, दुर्बिणीतून नळी घालावी लागते.

आता सांधा बदलण्याबद्दल. गुडघ्यासारखा किंवा मानेच्या खालच्या भागात घालतात त्या कृत्रिम गादीसारखा पर्याय या जागी रोजच्या वापरात नाही. इथे जोडणंच आहे.

जोडायच्या पद्धतीला मात्र इतिहास आहे, आणि त्यात आपल्या शेजारच्या मुंबईचा मोठा वाटा आहे. १९३९ साली गॅली यांनी दोन मणक्यांच्या मागच्या कमानी तारेने बांधून मध्ये हाडाचा तुकडा ठेवायची पद्धत मांडली. तार वळायला आळा घालायची नाही, त्यामुळे पेशंटला महिनोन्महिने जखडून ठेवावं लागे आणि तरी हाड जुळेलच असं नसे. पुढे स्वित्झर्लंडच्या मागेर्ल यांनी खालून वर, सांध्याच्या आरपार जाणारा स्क्रू आणला. तो भक्कम, पण त्याचा मार्ग धमनीच्या अगदी कडेने जातो. बऱ्याच जणांची धमनी दुसऱ्या मणक्यात नेहमीपेक्षा वर चढलेली असते, त्यांना तो घालताच येत नाही.

परळच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी वेगळी वाट काढली. पहिल्या मणक्याच्या जाड बाजूत एक स्क्रू, दुसऱ्या मणक्यात एक, दोन्ही पट्टीने जोडायचे. १९९४ साली त्यांनी आणि लाहेरी यांनी ते प्रसिद्ध केलं. २००१ मध्ये जर्मनीचे हार्म्स आणि मेल्शर यांनी तेच पट्टीऐवजी दांडी आणि डोकं फिरणारे स्क्रू वापरून मांडलं. आज जगभर 'गोयल-हार्म्स' म्हणतात ते हेच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच करतात. सांध्याची उरलेली कूर्चा खरवडून कमरेच्या हाडाचा चुरा आत भरतात, कारण स्क्रू फक्त धरून ठेवतात. कायमचं जुळतं ते हाड. ते जुळायला काही महिने जातात. तंबाखू-सिगारेट असेल तर बंद, कारण निकोटिन हाड जुळू देत नाही. हाडं ठिसूळ असतील तर आधी डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) आणि उपचार.

धोक्यांत धमनी सर्वांत वर. म्हणून ऑपरेशनआधी सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारा सीटी) काढून कुठल्या बाजूची धमनी मोठी, कुठली वर चढलेली ते पाहतात. त्या सांध्यावर शिरांचं जाळं असतं, तिथे रक्तस्राव होतो, तो शांतपणे दाबून थांबवावा लागतो. तिथे मी रक्त तयार ठेवून असतो आणि सर्जन घाई करत नाहीत. जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं, हाड न जुळणं हेही संभवतं. सर्जननी हे सगळं स्वतःहून सांगितलं नाही तर विचारा. 'अशी किती केलीत' हा प्रश्न अपमानाचा नाही, चांगले सर्जन त्याचं सरळ उत्तर देतात.

सुशेगाद

बरं बाबा, मान मोडणं बंद. धमनीचं माहीत नव्हतं.

म्हापशेकार

जरा अवांतर पण उपयोगी. आमच्या आजोबांना एका रात्रीत मान धरली, ताप आला, मान तसूभर हलेना. मेंदूज्वर समजून धावपळ झाली. सीटीत खुंट्याभोवती चुन्याचा मुकुट निघाला. कॅल्शियमचे स्फटिक साठून होतो हा प्रकार, गाउटचा भाऊ. गोळ्यांनी काही दिवसांत उतरला. वरच्या मानेचं प्रत्येक दुखणं ऑपरेशनचं नसतं एवढंच.

पेडणेकर_बाय

खर्चाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर आधी ते शोधा आणि नूतनीकरण झालंय का बघा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर ४ लाख. हे नेमकं ऑपरेशन त्यांच्या यादीत कुठल्या नावाखाली बसतं ते इस्पितळाच्या योजनेच्या काउंटरवर लेखी विचारून घ्या, तोंडी 'होतं होतं' वर जाऊ नका. एका खासगी ठिकाणी आम्हाला स्क्रूचे पैसे पॅकेजबाहेर म्हणून शेवटच्या दिवशी सांगितले. भांडावं लागलं.

सरकारी नोकरीतल्यांना ही योजना नाही. आई शिक्षिका होत्या म्हणजे पेन्शनवाल्यांचे नियम त्यांच्या खात्यातच विचारा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोसर्जरी आहे, मुंबईला पळायच्या आधी तिथलं मत घ्यायला काय हरकत आहे? ओपीडीला वेळ जातो, सकाळी लवकर जा आणि सीटीची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको.

बांद्याहून

आम्ही सिंधुदुर्गातले तर बांबोळीलाच जातो, मुंबई रात्रभराची. एवढंच की वयस्कर माणसाला परतीच्या प्रवासाचा विचार करून गाव निवडा. ऑपरेशन होऊन जातं, पण पुन्हा पुन्हा दाखवायला जाणं, त्यात कॉलर लावून कोकणकन्येच्या बर्थवर चढणं... खालचा बर्थ मिळाला तर ठीक.

डिचोलीचो

काकांचा सीटी झाला. कदंबातल्यांसारखा त्यांचाही डावा सांधा. एक्सरेवाल्यांना एक पेला फेणी लागू.

एक्सरेवाला

ड्युटीवर चालत नाही, घरी पाठवा.

तिस्ककर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

फिजिओकडून मोजून घेतलं. उजवीकडे ३०च्या आतच, डावीकडे ५५. पर्वरीच्या ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. उजवीकडचं आधीच गेलेलं आहे, जाईल ते डावीकडचं. हे कळल्यावर आई जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, डावीकडच्या आरशात मी तशीही बघते.

इंजेक्शन सीटीखाली दिलं, डेक्सामेथासोनच. त्याच दुपारी घरी येताना गाडीत तिने उजवीकडे वळून खिडकीबाहेर बघितलं. कळ नव्हती! संध्याकाळी औषध उतरल्यावर आली. मग काही आठवडे खूप बरं होतं, पार बाजारापर्यंत स्कूटर गेली. आता हळूहळू परत सुरू झालंय, पण पूर्वीइतकं नाही.

सर्जन म्हणतात, निदान पक्कं झालं, घाई अजिबात नाही, दुसरं इंजेक्शन घेऊन बघा किंवा ऑपरेशन करा, मज्जारज्जूला धोका नाही म्हणून निर्णय तुमचा. सीटी अँजिओत उजवी धमनी थोडी वर चढलेली आहे, त्यामुळे त्या बाजूला दुसऱ्या मणक्यात आखूड स्क्रू घालावा लागेल असं त्यांनी चित्र काढून दाखवलं. बाबा ते चित्र बघून पहिल्यांदा काही बोलले नाहीत. दादाने मुंबईतलं दुसरं मत सीडी पाठवून घेतलं, तेही हेच म्हणाले. सध्या ठरलंय ते असं, दुसरं इंजेक्शन, आणि तेही लवकर ओसरलं तर चवथ उरकून ऑपरेशन, इथेच गोव्यात.

दोन प्रश्न उरले. ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेते, आणि खालचे दोन दात हलतायत. यांचं काय करायचं?

भूलवाला

दात आधी दाखवून घ्या आणि काढायचे असतील तर काढून जखम भरू द्या. नळी घालताना हलणारा दात आत पडला तर नसती आफत, शिवाय तोंडातला जंतुसंसर्ग स्क्रूपर्यंत जायला नको. गोळी कुठली आणि कशासाठी, त्यावर अवलंबून आहे. स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. दुसऱ्या इंजेक्शनच्या आधीही ही गोळी चालू असल्याचं तिथे सांगा. पहिल्या वेळी सांगितलं होतं ना?

तिस्ककर

सांगितलं होतं, त्यांनी काही दिवस बंद ठेवायला लावली होती, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. दातांची वेळ घेतेय.

कदंबातला

ऑपरेशन ठरलं तर पुढून उघडणारे झगे शिवून घ्या बाय, डोक्यावरून काही घालता येत नाही तेव्हा. आणि आरसे आत्ताच बसवा, त्यांची सवय व्हायला वेळ लागतो.